अनुदानाची यादी ग्रामसभेत वाचा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सांगली
मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, सांगली

विषय : गावात आलेल्या शेती अनुदानाचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवण्याबाबत

महोदय,

मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार. नोकरी केली ती शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या विकास सोसायटीच्या गटसचिवाची, म्हणजे तिचं दप्तर सांभाळणाऱ्याची. त्यामुळे शेतकऱ्यांच्या नावाने निघणाऱ्या याद्या करण्यात, तपासण्यात आणि त्यांच्यावरून शिव्या खाण्यात बरंच आयुष्य गेलं. अमुक अधिकाऱ्याने पैसे खाल्ले असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. तसा पुरावा माझ्याजवळ नाही आणि मला तो शोधायचाही नाही. मागणी एकच आहे. माझ्या गावाच्या नावावर वर्षभरात शेतीचं म्हणून जे सरकारी अनुदान खर्ची पडलं, ते कुणाला, कशासाठी, किती आणि कधी मिळालं, याचा कागद वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवा आणि पुढे वर्षभर तो ग्रामपंचायतीच्या फलकावर राहू द्या.

आपण म्हणाल, आता सगळं ऑनलाइन आहे की! आहे, मान्य. केंद्राच्या पीएम-किसान योजनेची गावनिहाय यादी संकेतस्थळावर कुणालाही उघडता येते. वर्षाला ६ हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे तेवढेच आणखी. ठिबक, ट्रॅक्टर, शेततळं यांचे अर्ज महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर. पण अतिवृष्टीची मदत महसूल खात्याकडे, पंचनाम्याच्या यादीत विशिष्ट क्रमांकाने. पीककर्जावरची व्याज सवलत बँकेच्या आणि सोसायटीच्या दप्तरात. पीकविम्याच्या हप्त्यातला सरकारी वाटा आणखी तिसऱ्या पोर्टलवर. खताचं अनुदान दुकानातल्या पॉस मशिनवर आम्ही अंगठा लावला की कंपनीला. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचं वीजबिल २०२४ पासून सरकार महावितरणला भरतं. आणि म्हैसाळ, ताकारी, टेंभू या आपल्या उपसा सिंचन योजनांच्या वीजबिलातले ८१ टक्के राज्य सरकार सोसतं, उरलेले १९ टक्के पाणीपट्टीत आमच्याकडून घेतले जातात, ऊसवाल्यांचे तर कारखान्याच्या बिलातूनच कापून.

हे सगळं एका कागदावर आणून दाखवणारा माणूस मला तालुक्यात भेटलेला नाही. महसूलला कृषीचं ठाऊक नाही, कृषीला सोसायटीचं नाही, सोसायटीला महावितरणचं नाही. प्रत्येकाकडे आपापला तुकडा. आणि ज्याच्या नावावर हे सगळे तुकडे निघतात, तो शेतकरी दोन हजारांचा मेसेज आला की नाही तेवढं बघतो, कारण बाकीचं त्याला कुठे बघायचं तेच माहीत नसतं.

कागद नाही म्हणून कुजबुज चालते. अमक्याला ट्रॅक्टर मिळाला, त्याचा मेहुणा पंचायत समितीत आहे. तमक्याचं शेततळं अस्तरीकरणासकट मंजूर झालं, तो त्या पार्टीचा आहे. माझा अनुभव असा की यातला निम्मा माणूस रीतसर नंबर लागलेला असतो. पण ते दाखवायला त्याच्याजवळही काही नसतं. मग तो गप्प बसतो, आणि गप्प बसला म्हणजे खरंच असणार, असं लोक धरून चालतात. उरलेल्या निम्म्यांबद्दल मी काही बोलत नाही. यादी लावली की त्यांचं तेच बोलतील.

या कुजबुजीवर एजंटांचं मात्र बरं चाललं आहे. ‘वर द्यावं लागतं’ एवढं एक वाक्य त्यांना पुरतं. लाभार्थी निवडायची सोडत संगणक काढत होता, त्यात एजंटाचा हात कुठे पोचणार? तरी माणूस दोन-चार हजार काढून देत होता, कारण नंबर कसा लागला हे त्याला दिसत नव्हतं. नंबर लागला तर एजंटाने लावला, नाही लागला तर एजंट म्हणणार, ‘या वेळी वरून दबाव होता, पुढच्या खेपेला बघू.’ २०२५ पासून सोडत गेली आणि प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य अशी पद्धत आली. चांगली आहे. पण रांग लावायची म्हटल्यावर रांग दिसायला नको का? माझा अर्ज कितवा, माझ्या आधी कोण, कुणाला बाजूला काढलं आणि का, हे गावाला कळल्याशिवाय ‘प्रथम’ या शब्दाला अर्थ राहत नाही. एसटीच्या खिडकीवर सगळे एकमेकांच्या पाठी उभे असतात म्हणून तिथे भांडण होत असलं तरी संशय राहत नाही.

त्या कागदावर मला सगळ्यात जास्त हवे आहेत ते तारखांचे रकाने. अर्ज कधी केला, पूर्वसंमती कधी मिळाली, बिल कधी जोडलं, मोका तपासणीला, म्हणजे शेतावर पाहणी करायला, माणूस कधी आला, पैसे खात्यावर कधी वर्ग झाले. पूर्वसंमती मिळाली की शेतकऱ्याला मुदत असते. मुदतीत खरेदी केली नाही तर मंजुरी रद्द. सरकारच्या बाजूने मात्र पैसे देण्याला अशी मुदत पाळलेली मी बघितली नाही. ठिबकला अल्प व अत्यल्प भूधारकाला ८० टक्के आणि बाकीच्यांना ७५ टक्के अनुदान आहे. केंद्राच्या योजनेतून ५५ आणि ४५, वर राज्याची भर. आकडा ऐकायला छान वाटतो. पण दीड एकरवाला माणूस आधी दुकानदाराचे पूर्ण पैसे भागवतो, कधी पतसंस्थेतून उचलून, कधी पाहुण्याकडून, आणि अनुदान येईपर्यंत व्याज भरत बसतो. मधलं व्याज वजा केलं तर ८० चे किती उरले, हे तारखा लागल्या तर कुणालाही कागदावर मांडता येईल. यादी म्हटली की साहेब लोकांना वाटतं शेतकऱ्याची झडती घ्यायची आहे. झडती सरकारचीही होते त्यात, आणि माझ्या मते तिचीच जास्त गरज आहे.

आता पैसे थांबतात कुठे, ते बघा. आमच्या भागात दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न असतो, ‘अनुदानातलं घ्यायचंय का बिगरअनुदानातलं?’ दोन्हीचे भाव निराळे. तीच नळी, तेच फिल्टर, पण अनुदानातलं म्हटलं की कोटेशन फुगतं. शेतकऱ्याच्या खात्यावर अनुदान जमा होतं, कागदोपत्री तो लाभार्थी, पण त्यातला एक हिस्सा भावातच निघून गेलेला असतो. म्हणून माझ्या कागदावर पुरवठादाराचं नाव आणि बिलाची रक्कम हेही रकाने पाहिजेत. एका गावातल्या पंधरा जणांनी एकाच मापाचं सामान घेतलं आणि बिलं वेगवेगळी आहेत, हे एका नजरेत दिसलं की पुढच्या हंगामात भाव आपोआप जाग्यावर येतील. त्यासाठी चौकशी समिती लागत नाही.

खताचं तर शेतकऱ्याच्या हातात काहीच येत नाही. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिची खरी किंमत कित्येक पट, फरक केंद्र सरकार कंपनीला देतं. पावतीवर अनुदानाचा आकडाही छापून येतो. पण तो कोण वाचतो? त्याच वेळी दुकानदार युरियासोबत नको असलेलं द्रवखत गळ्यात मारतो, ज्याला सगळे लिंकिंग म्हणतात. म्हणजे सरकारने स्वस्त केलेल्या गोणीवर आम्ही वरकड पैसे मोजतो आणि हिशेबात ते कुठेच दिसत नाहीत. विजेचं त्याहून गमतीचं. राज्यातले सुमारे ४४ लाख कृषिपंपधारक मोफत विजेत आहेत. कित्येक पंपांना मीटर नाही, कित्येकांचा बंद, बिल अश्वशक्तीवर किंवा सरासरीवर. माझ्या मोटारीने किती युनिट ओढली असं धरून सरकारने माझ्या नावावर किती भरले, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. बिल शून्य आलं की माणूस खूश होतो. शून्याच्या मागचा आकडा मात्र अर्थसंकल्पात शेतकऱ्यांवरचा खर्च म्हणून लागतो.

उपसा योजनांबाबतही तेच. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की पाण्याच्या पूजेला नेते येतात, फोटो निघतात. त्या आवर्तनाचं वीजबिल किती झालं, ८१ टक्क्यांचे किती रुपये सरकारने भरले, १९ टक्क्यांपैकी वसूल किती आणि ज्याच्या शेतात पाणीच पोचलं नाही त्याच्याकडून वसूल किती, हे आवर्तन संपल्यावर गावोगावी लागलं तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. उरलेल्या निम्म्या खऱ्या असतील, त्या सोडवायला सोप्या जातील.

याद्यांचा माझा अनुभव २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीपासूनचा. त्या वेळी याद्या बँकेच्या शाखेच्या आणि सोसायटीच्या फलकावर लावायचा नियमच होता. लावल्या. पहिले काही दिवस फलकापुढे उभं राहायला जागा नव्हती. हरकती आल्या त्या बहुतेक साध्या होत्या: मयत खातेदार, एकाच नावाचे दोन चुलतभाऊ, बापाचं नाव चुकलेलं, एकाचं कर्ज दुसऱ्याच्या खात्यावर चढलेलं. कार्यालयात बसून या चुका आम्हाला वर्षभर सापडल्या नसत्या. तरीसुद्धा २०१३ साली कॅगचा अहवाल आला. देशभरात तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकी २२ टक्क्यांहून अधिक खात्यांत चुका निघाल्या. अपात्र माणसाला माफी, पात्र माणूस बाहेर, असल्या. फलकावर यादी चिकटवली की काम झालं असं मी म्हणूनच म्हणत नाही. हरकत लिहून घेणारा माणूस, तिला पोच आणि तिचं काय झालं हे पुढच्या सभेत सांगणं, एवढं असेल तर यादीला दात येतात.

डिसेंबर २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत हे बरंच सुधारलं. पैसे द्यायच्या आधी याद्या विशिष्ट क्रमांकासह ग्रामपंचायतीत आणि शाखेत लागल्या, माणसाने आधार प्रमाणीकरण करताना रक्कम मान्य आहे का ते सांगायचं, नसेल तर तक्रार वर जायची. काम भराभर झालं. कुणाच्या नावापुढे किती कर्ज, हे सगळ्या गावाने वाचलं. कुणाची अब्रू गेल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि सहकाराच्या या जिल्ह्याला हिशेब वाचून दाखवणं नवं थोडंच आहे? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ७५ काढून बघा. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा, तिच्यापुढे ताळेबंद, आणि त्यासोबत संचालकांना व त्यांच्या घरच्यांना दिलेल्या कर्जाचं पत्रक. ते पत्रक वाचताना व्यासपीठावरच्या मंडळींचे चेहरे बघण्यासारखे असत. काही चेअरमन नेमके त्याच वेळी चहा मागवायचे. पण वाचलं जायचं, आणि मागच्या रांगेतला दोन शेअरचा सभासद उठून विचारू शकत होता. सभासदांच्या पैशातून दिलेलं, व्याजासह परत यायचं कर्ज उघड्यावर वाचायचं. आणि सरकारी तिजोरीतून दिलेला, परत न यायचा पैसा मात्र ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून झाकायचा, हे माझ्या गटसचिवी डोक्यात काही बसत नाही.

‘वैयक्तिक माहिती’ हा शब्द मी मुद्दाम घेतला. मध्यंतरी आमच्या गावातल्या एका तरुणाने एका कार्यालयात ठिबकच्या लाभार्थ्यांची यादी मागितली. उत्तर आलं, डेटा संरक्षणाचा कायदा आल्यामुळे देता येत नाही. कोणतं कार्यालय ते सांगत नाही, कारण उत्तर देणाऱ्या कारकुनाने ते मनाने लिहिलेलं नसणार. पण कायदा काय म्हणतो ते बघू. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यातल्या वैयक्तिक माहितीच्या अपवादाची भाषा बदलली, हे खरं आहे. पूर्वी त्या अपवादातच सार्वजनिक हिताची अट होती, ती गेली. बदल वाईट झाला असं माझं मत आहे. पण माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ जसंच्या तसं आहे. त्यातल्या १७ मुद्द्यांपैकी बारावा मुद्दा कुणी मागायची वाट न बघता जाहीर करायचा आहे: अनुदान कार्यक्रमांची अंमलबजावणी कशी झाली, किती रक्कम दिली आणि लाभार्थ्यांचा तपशील. कलम ८(२) ही आहे तिथेच आहे. सार्वजनिक हित मोठं असेल तर अपवाद बाजूला ठेवून माहिती देता येते. शिवाय २०२३ च्याच कायद्याचं कलम ३ म्हणतं की, जी माहिती प्रसिद्ध करण्याचं बंधन दुसऱ्या एखाद्या कायद्याने घातलेलं आहे आणि त्याप्रमाणे ती प्रसिद्ध झाली, तिला हा कायदा लागू नाही. कलम ४ हे असलंच बंधन आहे. मी वकील नाही, पण मराठी वाचता येतं.

बाराव्या मुद्द्याचं प्रत्यक्षात काय होतं तेही आपल्याला ठाऊक असेल. १७ मुद्द्यांची फाइल सुंदर बांधलेली असते, साहेबांची पदनामं, फोन, कामाची पद्धत सगळं व्यवस्थित, आणि बाराव्या मुद्द्यासमोर टाइप केलेलं असतं: निरंक. वर्षानुवर्षं निरंक.

खासगीपणाची भीती मला अजिबात नाही असं नाही. हा वाद युरोपातही झाला. तिथे शेती अनुदान कुणाला किती मिळतं हे डेन्मार्कने २००४ मध्ये उघड केलं, पुढे युरोपियन युनियनने सगळ्या देशांना ते बंधनकारक केलं. जर्मनीतल्या हेसेन राज्यातले दोन शेतकरी-लाभार्थी न्यायालयात गेले, आणि ९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपियन न्यायालयाने निकाल दिला की रक्कम किती, किती वेळा, कशासाठी, असला काहीच भेद न करता प्रत्येक व्यक्तीचं नाव सरसकट छापणं योग्य नाही. कंपन्यांची नावं छापायला न्यायालयाची हरकत नव्हती. मग त्यांनी काय केलं? यादी बंद करून टाकली नाही. २०१३ मध्ये नवा नियम करून ज्याला १,२५० युरो किंवा त्याहून कमी मिळाले त्याचं नाव झाकलं, वरच्यांचं उघड ठेवलं. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे उलटं झालं आहे. दोन हजारांच्या हप्त्याचा मानकरी नावानिशी जगाला दिसतो, आणि शेजारच्या शिवारात कुणाच्या शेडला, कुणाच्या शीतगृहाला काही लाखांचं अनुदान मिळालं, ते सांगणारा कागद आमच्या गावात नाही. लहान रकमांची नावं झाकायची असतील तर झाका, नुसती संख्या आणि एकूण रक्कम द्या, माझी हरकत नाही. मोठ्यांची उघडा.

काही गोष्टी तर छापूच नयेत. आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल नंबर यांतलं एक अक्षर नको. त्या माहितीवर फसवणारे फोन करतात आणि म्हाताऱ्या माणसांची खाती रिकामी होतात. जातीचा रकाना नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतल्या विहिरीची नोंद करताना योजनेच्या नावातूनच जात कळते, तेव्हा तिथे ‘नवीन विहीर’ एवढंच लिहा. आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी सरकार जे १ लाख रुपये देतं, ते या यादीत कुठल्याही नावाने येता कामा नये. त्याच्या मागे राहिलेली बाई चार माणसांत पुन्हा उभी राहायला धडपडत असते. तिच्या नावापुढे रक्कम वाचून दाखवायचा अधिकार कुठल्या ग्रामसभेला नाही.

आमच्याच लोकांतून विरोध येईल, तो मला दिसतो. भावकीत भांडणं लागतील म्हणतील. लागतील. एकाच घरात कागदावर चार खाती पाडून चौघेही अल्पभूधारक झालेले लोक आहेत; २ हेक्टरच्या आत बसण्यासाठी सातबारा कसा फोडायचा हे गावागावात ठाऊक आहे. त्यांना ही यादी आवडायची नाही. दुसरा विरोध जरा वजनदार आहे. आधीच शहरातली माणसं म्हणतात, शेतकऱ्याला सगळं फुकट. त्यात आणि नावांनिशी यादी लावली तर त्यांच्या हाती कोलीत दिल्यासारखं होईल. मला नेमकं उलटं वाटतं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी उणे सबसिडीची मांडणी केली तेव्हा आमच्या पिढीने टाळ्या वाजवल्या, पण गावपातळीवर आकडे आमच्याकडे नव्हते. पुढे २०१८ मध्ये ओईसीडी ही देशांची आर्थिक संघटना आणि इक्रिअर ही दिल्लीची संशोधन संस्था यांच्या अहवालातही २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला आधार सरासरी उणे १४ टक्के निघाला, म्हणजे निर्यातबंदी आणि बाकीच्या बंधनांनी जेवढं काढून घेतलं ते अनुदानातून दिलेल्यापेक्षा जास्त. ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या माणसाला पटवायची तर त्याच्यापुढे एका गावाचा खरा कागद ठेवता आला पाहिजे. बघा, या गावात एवढे शेतकरी, एवढ्यांना एवढे रुपये, यातले थेट हातात आले एवढे आणि खत कंपनी, वीज कंपनी, विमा कंपनी यांच्याकडे गेले एवढे. बागायती फळबाग बुडाली तर मदत हेक्टरी २२,५०० रुपये, म्हणजे एकरी ९ हजार. द्राक्षाच्या एका एकराला एका हंगामात औषधं किती लागतात, हे ज्याने दुकानाची उधारी बघितली आहे त्याला विचारा. एकरी ९ हजार छापून यायला आम्हाला लाज वाटायचं काय कारण?

जत तालुक्याची हद्द ओलांडली की कर्नाटक. तिथे पीकनुकसानीची मदत कुणाला किती मिळाली ते ‘परिहार’ प्रणालीत गावनिहाय बघता येतं, आणि ‘माहिती कणज’ नावाचं एकच पोर्टल अनेक खात्यांची माहिती देतं. राजस्थानने २०१९ मध्ये जन सूचना पोर्टल काढलं तेही कलम ४ चाच आधार घेऊन. आपल्याकडे २००२ सालीच राज्याचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा होता, केंद्राच्या आधी. मागे कशाला राहायचं?

हे करायचं कोणी, याचा विचारही मी केला आहे. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी सहायकाला सहाय्यक कृषी अधिकारी. पदनामं मोठी झाली, माणसं तेवढीच आणि गावं वाढली. त्यांना हाताने यादी करायला लावू नका, ते बिचारे करणार नाहीत आणि केली तर चुकतील. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्यासाठी सेवा केंद्रांपुढे आमच्या रांगा लागल्या, सर्व्हर बंद पडले, पुन्हा रांगा लागल्या. सगळ्या योजना एकाच क्रमांकाला जोडायच्या म्हणून हे आहे, असं आम्हाला सांगितलं. मग जोडून दाखवा. जो संगणक माझा क्रमांक टाकल्यावर माझी जमीन किती ते सांगतो, त्याला गावाचं नाव टाकल्यावर गावाचं अनुदान सांगता आलं पाहिजे. महावितरणचा आणि उपसा योजनांचा आकडा निदान गावाच्या एकूण रकमेचा द्या, सुरुवातीला माणूसनिहाय नसला तरी चालेल.

सगळ्या जिल्ह्यात एकदम नको. आमच्या तालुक्यातली दहा गावं घ्या, बागायती पाच आणि अजून टँकरकडे डोळे लावणारी पाच. १ मे च्या ग्रामसभेत मागच्या मार्चअखेरचा कागद वाचा. हरकती लिहून घ्यायला कुणी नसेल तर आमच्यासारखे निवृत्त सचिव गावोगाव रिकामे बसले आहेत. नोंदवही कशी ठेवायची ते आम्हाला शिकवावं लागणार नाही, मानधनही नको. १५ ऑगस्टच्या सभेत त्या हरकतींचं काय झालं ते सांगा. गणपूर्ती होणार नाही अशी शंका असेल तर काढून टाका. अनुदानाची यादी वाचणार म्हटल्यावर कधी नव्हे ते सभेला माणसं येतील, एरवी ठराव रजिस्टर घरोघर फिरवून सह्या गोळा कराव्या लागतात.

या पत्राची प्रत टपालाने आपल्या दोन्ही कार्यालयांत पाठवली आहे. हा माहिती अधिकाराच्या कलम ६ खालचा अर्ज नव्हे, म्हणून त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला नाही. आवक क्रमांक पडला की कळवावं.

आपला,
एक निवृत्त गटसचिव
तासगाव तालुका, जि. सांगली